वाचकांचे प्रश्न : विज्ञानाच्या तासासाठी ऑनलाइन साहित्य

या अंकात विज्ञान शिकवणाऱ्या वाचकांचे प्रश्न घेतले आहेत. आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ‘प्रकाशाचे परावर्तन’ असं टाकलं की शेकडो दुवे येतात. त्यातले निम्मे शिकवण्यांच्या जाहिराती, उरलेले पाठ्यपुस्तकातलीच वाक्यं वाचून दाखवणारे व्हिडिओ. शोधायचं तरी कसं?

घटकाचं नाव टाकून शोधलं की घटकाची माहितीच मिळते, आणि ती तुमच्याकडे आधीच असते. शोधाआधी एक वाक्य कागदावर लिहा : या तासात मुलांनी नेमकं काय पाहावं किंवा करावं? ‘आरशातली प्रतिमा आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर असते, हे मुलांनी मोजून पाहावं’ असं वाक्य झालं, की त्यातले प्रतिमा, अंतर, मोजणे, सपाट आरसा हे शब्द शोधपेटीत टाकायचे.

दुसरं, शोध दोन भाषांत करा. इंग्रजी संज्ञा आठवत नसेल तर मराठी विकिपीडियावरचा लेख उघडा आणि भाषांच्या यादीतून इंग्रजी लेखावर जा. वरचं शीर्षक म्हणजे हवी ती संज्ञा. शब्दकोशापेक्षा ही वाट खात्रीची, कारण लेख त्याच विषयाचा आहे की नाही हे चित्रांवरूनही कळतं. त्या संज्ञेपुढे इंग्रजीतून ‘टीचर नोट्स’, ‘वर्कशीट’ किंवा ‘मिसकन्सेप्शन’ यांपैकी एक शब्द जोडा. तिसरा शब्द सर्वांत कमी वापरला जातो आणि सर्वांत जास्त देतो. मुलं कुठे चुकतात याबद्दलची टिपणं त्यातून समोर येतात आणि तासाची आखणी तिथूनच सुरू होते.

छापता येईल असं साहित्य हवं असेल तर रोमन लिपीत ‘फाइलटाइप’, लगेच अपूर्णविराम, लगेच ‘पीडीएफ’ असं टाका, मध्ये जागा न सोडता. एखाद्याच संकेतस्थळात शोधायचं असेल तर तसंच ‘साइट’, अपूर्णविराम आणि त्या स्थळाचा पत्ता. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावलं की तो शब्द असलेली पानं गळतात. ‘ट्यूशन’ हा शब्द असा वजा केला तर जाहिरातींची बरीचशी गर्दी हटते.

आणि दुव्यांचा साठा करत बसू नका. चार-पाच स्थळं आतून-बाहेरून माहीत असणं हे दोनशे दुव्यांच्या यादीपेक्षा कितीतरी उपयोगी.

प्रश्न : वर्गात इंटरनेट नाही, एक लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आहे. विद्युत परिपथासाठी सिम्युलेशन (पडद्यावरचा आभासी प्रयोग) वापरता येईल का?

येईल. विज्ञानाची सिम्युलेशन तयार करणारा ‘फेट’ हा प्रकल्प अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेत 2002 मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. या प्रकल्पाची एचटीएमएल प्रकारातली, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी, सिम्युलेशन एकेका फाइलमध्ये उतरवून घेता येतात आणि नंतर इंटरनेटशिवाय चालतात. काहींची मराठी आवृत्तीही आहे. सिम्युलेशनच्या पानावर भाषांतरांची यादी असते, तिथे मराठी दिसली तर तीच फाइल घ्या.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, सिम्युलेशन चालू असताना ब्राउझरच्या ‘सेव्ह पेज’ने पान जतन केलं जातं आणि वर्गात ते अर्धवट उघडतं. पानावरचं डाउनलोडचं बटणच वापरा. दोन, हीच फाइल फोनवर पाठवली तर काही फोन ती साध्या एचटीएमएल व्ह्यूअरमध्ये उघडतात आणि पडदा कोरा राहतो. फाइल दाबून धरा, ‘ओपन विथ’मधून क्रोम किंवा फायरफॉक्स निवडा. तासाच्या आदल्या दिवशी लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून फाइल एकदा उघडून पाहा. खरी परीक्षा तीच.

आता परिपथाचा तास. फेटच्या डीसी परिपथाच्या संचात बॅटरी 9 व्होल्ट आणि बल्ब 10 ओहम ठेवा. पडद्यावर एक बॅटरी, एक बल्ब जोडा, ॲमीटर 0.90 ॲम्पिअर दाखवेल. दुसरा बल्ब एकसर जोडण्याआधी थांबा आणि प्रत्येकाकडून वहीत दोन अंदाज लिहून घ्या : ॲमीटर आता किती दाखवेल, आणि दोन्ही बल्ब सारखेच प्रकाशतील का? ‘पहिला बल्ब वीज खातो, दुसऱ्याला उरलेली मिळते’ असं बऱ्याच मुलांना वाटतं आणि ते वहीत उतरतं. मग ॲमीटर तीन ठिकाणी लावा : पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर. तिन्हीकडे 0.45. समांतर जोडणीत प्रत्येक शाखेत 0.90 आणि बॅटरीजवळ 1.80. अंदाज आधी लिहून घेतले नाहीत तर हे सगळं नुसतं पाहणं होतं. मुलं माना डोलावतात आणि परीक्षेत पुन्हा तेच लिहितात.

सिम्युलेशननंतर खऱ्या तारा, सेल आणि टॉर्चचे बल्ब हवेतच, आणि तिथे आकडे जुळणार नाहीत याची तयारी ठेवा. पडद्यावरच्या साध्या बल्बचा रोध कायम 10 ओहम राहतो. खऱ्या बल्बच्या तारेचा रोध ती तापली की वाढतो. त्यामुळे दोन खरे बल्ब एकसर जोडले की ते कमी तापतात, रोध कमी राहतो आणि विद्युतधारा निम्म्यापेक्षा थोडी जास्त येते. समांतर जोडणीत बल्ब किंचित मंदावतात, कारण खऱ्या सेलला आतला रोध असतो. शिवाय दोन ‘सारखे’ बल्ब क्वचितच सारखे असतात. एकसर जोडणीत एक ठळक आणि दुसरा मिणमिणता दिसला तर त्यांच्या जागा अदलाबदल करा. मिणमिणता बल्ब जागा बदलूनही मिणमिणताच राहिला तर फरक बल्बचा आहे, जागेचा नाही. हे मुलांनीच शोधलं तर तास सार्थकी लागला म्हणायचा.

प्रश्न : पाण्याच्या ताटलीत उभ्या केलेल्या पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा घातल्यावर पाणी चढतं, ‘कारण ऑक्सिजन संपतो आणि त्याची जागा पाणी घेतं’, असं बहुतेक व्हिडिओंत सांगतात. काही ठिकाणी हे चूक म्हटलंय. खरं काय? आणि व्हिडिओ बरोबर की चूक हे कसं ओळखायचं?

ते स्पष्टीकरण चूक आहे, आणि लोकप्रिय असल्यामुळे ते पसरतच राहतं.

हिशेब करून पाहा. हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. बंद भांड्यातली मेणबत्ती तो सगळा संपवत नाही. साधारण 16 टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. म्हणजे 100 भाग हवेतले सुमारे 5 भाग वापरले गेले. मेण जळताना 38 रेणू ऑक्सिजनमागे सुमारे 25 रेणू कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे त्या 5 भागांच्या जागी सव्वातीन भाग दुसरा वायू आला. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, पण सावकाश. निव्वळ घट झाली 2 टक्क्यांहूनही कमी. ग्लासात पाणी मात्र याच्या कितीतरी पट चढतं.

खरं कारण तापलेली हवा. ग्लास खाली आणताना ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावलेली असते, काही बुडबुड्यांच्या रूपाने कडेखालून निसटते. ज्योत विझली की आतला वायू थंड होतो, बाष्प निवतं, दाब घटतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो.

वर्गात याची परीक्षा तीन प्रकारे घेता येते. ताटलीतल्या पाण्यात दोन थेंब द्रवरूप साबण टाका, म्हणजे कडेखालून निसटणारे बुडबुडे दिसतात. पाणी कधी चढतं ते मुलांना बघायला सांगा : बरीचशी चढण ज्योत विझल्यानंतर, एकदम होते. ऑक्सिजन संपत जाण्याने चढत असतं तर ज्योत जळत असतानाच हळूहळू चढलं असतं. आणि तोच ग्लास आधी एका, मग तीन मेणबत्त्यांवर घाला. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच, तरी तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढतं. तीन मेणबत्त्या ग्लासच्या काठापासून दूर, मधोमध चिकटवा. काच तडकण्याचं कारण बहुतेक वेळा कडेला टेकलेली ज्योत असते.

चुकीचा व्हिडिओ टाकून देऊ नका. तो आवाज बंद करून दाखवा, स्पष्टीकरण मुलांकडून लिहून घ्या, मग आवाजासह दाखवून वरच्या तीन कसोट्या लावायला सांगा. चुकीचे व्हिडिओ असे भरपूर कामाला येतात.

पारख करायची तर प्रत्येक विषयात एकदोन ठरलेल्या चुका असतात, त्या आधी तपासाव्यात. ऋतूंच्या व्हिडिओत पृथ्वीची कक्षा लांबट अंड्यासारखी काढून ‘जवळ आली की उन्हाळा’ असं सुचवलंय का? पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.71 कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15.21 कोटींवर. उत्तर गोलार्धातला हिवाळा नेमका जवळच्या वेळी येतो. विमानाच्या पंखाच्या व्हिडिओत ‘वरची आणि खालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचते’ असं म्हटलंय का? तसा कोणताही नियम नाही. वरची हवा आधी पोचते. शिरांतलं रक्त निळं दाखवलंय का? ते गडद लालच असतं. जिभेवर गोड-आंबट-खारट-कडू असे वेगळे प्रदेश आखलेत का? सगळ्या चवी जिभेच्या सर्व संवेदनशील भागांवर कळतात. या ठिकाणी घसरलेल्या व्हिडिओतली बाकीची माहितीही डोळ्यांत तेल घालून पाहावी.

प्रश्न : मोबाइलने खरे प्रयोग करता येतात असं वाचलं. दोन फोन उपलब्ध होतील. काय करता येईल?

‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठाने ते 2016 मध्ये आणलं. फोनमधले ध्वनी, त्वरण, चुंबकीय क्षेत्र मोजणारे संवेदक ते सरळ वापरायला देतं, मोजमापं सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) किंवा एक्सेलमध्ये काढता येतात. एका फोनचा आलेख सगळ्या वर्गाला दाखवायचा तर ‘रिमोट ॲक्सेस’ चालू करा आणि फोनवर दिसणारा पत्ता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका. दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर हवीत. फोनचा हॉटस्पॉट पुरतो, इंटरनेट लागत नाही.

दोन फोनांत सर्वांत समाधान देणारा प्रयोग ध्वनीच्या वेगाचा. दोन्हींवर ध्वनीवर चालणारं स्टॉपवॉच उघडा आणि ते एकमेकांपासून बरोबर 5 मीटरवर ठेवा. पहिल्या फोनजवळचा विद्यार्थी टाळी वाजवतो : त्याचं घड्याळ लगेच सुरू होतं, दुसऱ्याचं ध्वनी पोचल्यावर. मग दुसऱ्या फोनजवळचा टाळी वाजवतो : दुसरं घड्याळ लगेच थांबतं, पहिलं उशिरा. दोन घड्याळांतल्या वेळेचा फरक म्हणजे ध्वनीला 10 मीटर जायला लागलेला वेळ. 20 अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर, म्हणून फरक साधारण 0.029 सेकंद यायला हवा. पाच जोड्या टाळ्या घ्या आणि सरासरी काढा.

गडबड होते ती अशी. वर्गातली कुजबुजच घड्याळ सुरू करते : ॲपमधला आवाजाचा उंबरठा वाढवा. टाळीच्या प्रतिध्वनीने घड्याळ लगेच थांबतं : किमान विलंब 0.1 सेकंद किंवा जास्त ठेवा, प्रयोग मोकळ्या मैदानात किंवा मोठ्या दालनात करा. मुलगा टाळी वाजवताना दोन फोनांच्या मधल्या जागेत सरकतो आणि फरक कमी येतो : टाळी फोनच्या बाजूलाच, किंवा त्याच रेषेत फोनच्या मागे वाजवायची. फोन 1 मीटरवर ठेवले तर फरक फक्त 6 मिलिसेकंद उरतो आणि हाताच्या हालचालीची चूक त्याला गिळून टाकते. सूचना येऊन फोन वाजला तर तीही टाळी ठरते, म्हणून ‘डू नॉट डिस्टर्ब’.

एकाच फोनवर लंबक करता येतो. फोन पिशवीत घालून दोन दोऱ्यांनी टांगा, झोका 10 अंशांच्या आत ठेवा. अर्ध्या मीटरच्या लंबकाचा दोलनकाल सुमारे 1.42 सेकंद येतो. लांबी मोजताना मात्र टांगलेल्या बिंदूपासून फोनच्या मध्यापर्यंत मोजायची. 16 सेंटिमीटरचा फोन असेल आणि कोणी वरच्या कडेपर्यंतच मोजलं तर 50 ऐवजी 42 सेंटिमीटर लिहिले जातात आणि गुरुत्वीय त्वरण 9.8 ऐवजी 8.2 येतं. लंबकाचा प्रयोग जायरोस्कोप, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा संवेदक, वापरतो. स्वस्त फोनांत तो नसतो, मग यादीत तो प्रयोग फिकट दिसतो. फोन त्यासाठी आधीच तपासा.

प्रश्न : रसायनशास्त्राचे जोरदार प्रयोग व्हिडिओत दिसतात, मुलं करून दाखवा म्हणतात. कोणते टाळावेत?

सोपा निकष असा : व्हिडिओत द्रावणाची तीव्रता, प्रमाण आणि उरलेल्या द्रवाची विल्हेवाट सांगितली नसेल तर तो प्रयोग वर्गात करायचा नाही. ‘हत्तीची टूथपेस्ट’ हे ठळक उदाहरण. व्हिडिओतला उंच फेसाचा खांब बहुधा 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा असतो. ते त्वचा जाळतं. 3 टक्क्यांचं द्रावण, कोमट पाण्यात कालवलेलं यीस्ट आणि द्रवरूप साबण एवढ्यात फेस कमी उंच येतो, पण उत्प्रेरक शिकवायला पुरेसा. तरीही डोळ्यांवर चष्मा हवाच.

मिथेनॉल ओतून रंगीत ज्योती दाखवण्याचा प्रयोग कोणत्याही परिस्थितीत नको. बाष्प ज्योतीपर्यंत पोचून बाटलीतून आगीचा झोत बाहेर येतो आणि तो समोर बसलेल्यांवर जातो. त्याने मुलं भाजल्याच्या घटना घडल्या आहेत. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीने 2014 मध्ये अशा प्रात्यक्षिकांविरुद्ध इशारा दिला. त्याऐवजी लाकडी काड्या क्षारांच्या पाण्यातल्या द्रावणात रात्रभर भिजवा आणि एकेक बर्नरच्या ज्योतीत धरा : मिठाने पिवळा, तांब्याच्या क्षाराने हिरवा. काडी पेट घेण्याआधी बाहेर काढायची. साधं मीठ शेवटी दाखवा, कारण सोडियमचा पिवळा रंग जरा लागला तरी बाकीचे झाकतो.

तीव्रता, प्रमाण, धोके हे सगळं लिहिलेली प्रात्यक्षिकं हवी असतील तर ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या शिक्षणविभागाचं स्थळ पाहा. त्यातल्या तंत्रज्ञांसाठीच्या टिपा शिक्षकांच्या टिपांइतक्याच वाचण्यासारख्या.

प्रश्न : चित्रं आणि आकृत्या इंग्रजी नावांच्याच मिळतात. त्या घेऊन मराठी नावं टाकली तर चालतं का?

परवान्यावर अवलंबून आहे. साहित्य कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने 2002 च्या अखेरीपासून आहेत आणि त्यांची अक्षरं वाचायला शिकलं की प्रश्न सुटतो. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे बदल करून प्रसिद्ध केलंत तर त्याच परवान्याने द्या. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नाही. ‘एनडी’ असेल तर बदललेली आवृत्ती वाटता येत नाही, म्हणजे मराठी नावं टाकून वर्कशीट वाटणंही नाही. ‘सीसी झिरो’ला कसलीच अट नाही. विकिमीडिया कॉमन्सवर एनसी आणि एनडीवाल्या फाइल घेतल्याच जात नाहीत, म्हणून शोध तिथूनच सुरू करावा. श्रेयाच्या ओळीत चित्राचं नाव, चित्रकार, स्थळ आणि परवाना लिहा, आणि नावं बदलली असतील तर तेही.

तिथली एसव्हीजी फाइल (रेषा आणि आकारांनी बनलेलं, बदलता येणारं चित्र) उतरवा आणि ‘इंकस्केप’ या मोफत प्रणालीत उघडा. नावावर दोनदा टिचकी मारली की मजकूर बदलता येतो. बदलत नसेल तर अक्षरांचे आकारांत रूपांतर झालेलं आहे. ती नावं पुसून नवी टाका, किंवा त्याच आकृतीची नावं नसलेली आवृत्ती शोधा, बऱ्याचदा असते. टंक युनिकोडचा निवडा. आणि काम झाल्यावर पीडीएफ किंवा पीएनजी करूनच दुसऱ्या संगणकावर न्या. नाहीतर तिथे तो टंक नसतो, ओळी सरकतात, नावं बाणांपासून तुटतात.

प्रश्न : मुलांना खाती उघडायला सांगावीत का?

शक्यतो नको. फेट आणि आकाशदर्शनाचं स्टेलॅरियम खात्याशिवाय चालतात. झाडं-किडे ओळखायला ‘आयनॅचरलिस्ट’ऐवजी त्याच संस्थेचं ‘सीक’ वापरा, त्यात खातं लागत नाही. खातं अटळ असेल तर एकच, शिक्षकाचं.

प्रश्न : विकिपीडियासारखा संदर्भ इंटरनेटशिवाय देता येईल?

‘किविक्स’ ही इंटरनेटशिवाय वाचण्याची प्रणाली वापरा. त्यात विकिपीडिया झिम नावाच्या एका फाइलमध्ये येतो, मराठीही. चित्रांसह, चित्रांविना आणि फक्त प्रस्तावनांचा असे प्रकार असतात. आकार बघून निवडा. मोठी फाइल मेमरी कार्डावर जाताना ‘जागा नाही’ असं सांगत असेल आणि कार्ड रिकामं असेल, तर ते फॅट32 प्रकारचं आहे. त्यावर 4 जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. कार्ड एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आधी त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून.

प्रश्न : एआयकडून प्रश्नपत्रिका आणि दुवे घेतले तर?

प्रश्नांचा कच्चा मसुदा ठीक. मात्र गणितं स्वतः सोडवून पाहा आणि एकके तपासा. दुवे मागू नका; अस्तित्वात नसलेली पानंही तो ठामपणे देतो.

प्रश्न : जुन्या सीडीवरची ॲनिमेशन आता उघडत नाहीत. फेकून द्यावीत?

थांबा. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एसडब्ल्यूएफ’ असेल तर ती फ्लॅश या जुन्या ॲनिमेशन-प्रणालीची आहेत, आणि फ्लॅशचा आधार 31 डिसेंबर 2020 ला संपला. फ्लॅशच्या फाइल चालवणारी ‘रफल’ ही मोफत प्रणाली संगणकावर बसवा आणि फाइल तिच्यात उघडा. साधी हलती चित्रं बहुतेक चालतात. बटणं, मोजमापं असलेली गुंतागुंतीची कधी चालतात, कधी नाही. जी चालतात ती पडद्याचं चित्रण करून व्हिडिओ म्हणून ठेवा, आणि मूळ फाइलही जपा, कारण रफलची पुढची आवृत्ती आज न चाललेलं एखादं चालवू शकते.